आत्याच्या तोंडातला न दिसणारा उजेड

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पाचव्या पानावर पट्टीने आखलेल्या तीस चौकटी आहेत आणि तिसांच्या तिसांत बरोबरची खूण आहे. एकही रिकामी नाही. मी तहसील कार्यालयात कारकून आहे, आजवर कितीतरी रजिस्टरं भरली, पण इतकं पुरं भरलेलं पान मी दुसरं पाहिलेलं नाही. ते पान माझ्या आत्याचं आहे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमची आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि भाऊ तीन वर्षांचा. आत्या त्याआधीच विधवा होऊन साखऱ्याला माहेरी परत आलेली होती. तिने आम्हा दोघांना वाढवलं, वडिलांच्या मागे कोरडवाहू शेती सांभाळली, मला शिकवून नोकरीला लावलं आणि भावाला शेतीत मुरवलं. तिला एकच व्यसन होतं, मिस्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दिवसातून चार वेळा दातांना लावून डाव्या गालात धरून ठेवायची. त्याच गालात आतून फोड आला. तो तिने आमच्यापासून पाच-सहा महिने लपवला. कळलं तेव्हा आम्ही नांदेडला गेलो. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या की उरलंसुरलं काही राहू नये म्हणून रेडिएशनच्या तीस बैठका घ्याव्या लागतील. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे.

"मधे खंड पडला तर?" मी विचारलं. मी वही उघडूनच बसले होते.

"पाडू नका," त्या म्हणाल्या. "खंड पडला की रोगाला उसंत मिळते. आणि खंड पडतो तो बहुतेक एकाच कारणानं. रेडिएशननं तोंडाच्या आतली चांगली कातडीही सोलवटते. फोड येतात, गिळता येत नाही, वजन उतरतं. मग नाकातून नळी घालून जेवण द्यावं लागतं. काही जण तिथंच कंटाळतात."

आत्याने खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "मी आत्ताच सांगून ठिवते. नाकात नळी घालू देनार न्हाई. ज्या दिवशी नळीचं नाव निघालं, त्या दिवशी मी साखऱ्याच्या गाडीत बसले म्हनून समजा."

आत्या बोलली की ते होतंच, हे मला आणि भावाला पक्कं माहीत. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहिली: तीस बैठका, खंड नाही, तोंडानंच जेवण. बाकी सगळं या एका ओळीसाठी होतं.

डॉक्टरबाईंनी मग त्या उजेडाबद्दल सांगितलं. रोज रेडिएशनच्या आधी आत्याच्या तोंडात एक लहानसं यंत्र धरायचं. त्यातून लाल उजेड येतो, आणि लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, उजेड येतो. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत एक बारकं वीजघर असतं. या उजेडानं ते वीजघर नीट चालायला मदत होते, आणि मग पेशी रेडिएशनचा मार सोसायला आणि मोडलेलं पुन्हा बांधायला जरा जास्त तयार राहते. तोंडातले फोड कमी येतात, आले तरी लवकर भरतात.

आत्याचा चेहरा कोराच होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, शेती आहे का?"

"हाय की. सोयाबीन, तूर."

"पेरायच्या आधी बियाला औषध चोळता ना? बीजप्रक्रिया?"

"ते तर मीच करते. हा निस्ता गोन्या फोडतो." हा म्हणजे माझा भाऊ. तो बाजूला उभा राहून डोक्यावरची टोपी सारखी करत होता.

"का चोळता?"

"काहून म्हंजे? मातीत बुरशी असती. बी आधीच तयार पाहिजे. रोग लागल्यावर चोळून काय करता?"

"हे तसंच. मार बसायच्या आधी पेशी तयार करायच्या."

आत्याने मान हलवली. तिला पटलं की ती एकदाच मान हलवते. मला मात्र एक शंका होती आणि ती मी विचारली. "या उजेडानं चांगल्या पेशी तगड्या होत असतील, तर रोगाच्या उरलेल्या पेशीही तगड्या होतील ना?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणूनच रोगाची जागा आम्ही टाळतो. कुठं धरायचं, किती सेकंद, किती जोराचा, हे सगळं मोजून ठरवलेलं असतं. आणि एक सांगते, सगळ्यांना सारखा गुण येतो असं नाही. पण आजींना मी घ्याच म्हणेन. हे घरी करायचं काम मात्र नाही."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दुसऱ्या पानावर, चौथी ओळ. ती ओळ पुन्हा न वाचणं पुढे मला चांगलंच भोवलं.

आत्याला मी हिंगोलीला माझ्या घरी आणलं आणि रजा टाकली. तिला नांदेडला मुक्काम करायचा नव्हता. परक्या गावी झोप लागत नाही म्हणे. मग रोजची गाडी ठरवली. सकाळी सातला निघायचं, साडेनऊला पोचायचं, दहाला उजेड, त्यानंतर रेडिएशन, आणि दोनच्या आत घरी. वहीत रोजचा रकाना होता: निघाल्याची वेळ, उजेड, रेडिएशन, सकाळचं खाणं, दुपारचं, संध्याकाळचं, मिठासोड्याच्या पाण्याच्या गुळण्या किती, सोमवारी वजन. आत्या म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या वहीला जास्त जपून राहिली ही."

उजेडाच्या खोलीत एक तरुण मुलगी असायची. ती आत्याला काळा चष्मा लावायची, स्वतः लावायची, आणि जाड पेनासारखं ते यंत्र तोंडात एकेका जागी धरायची. जीभ, उजवा गाल, ओठाची आतली बाजू. एका जागी थोडे सेकंद, मग पुढची जागा. तिच्याकडे अशी दोन टोकं होती. पहिलं लावलं की आत्याचं तोंड आतून कंदिलासारखं लाल व्हायचं. दुसरं लावलं की काहीच दिसायचं नाही.

आत्या या यंत्राला बॅटरी म्हणायची. तिसऱ्या दिवशी परतताना गाडीत ती म्हणाली, "ती पोरगी कामचुकार हाय."

"का गं?"

"पहिल्या बॅटरीला उजेड पडतो. दुसरीचं बटनच दाबत न्हाई. निस्ती तोंडात धरून बसती अन् मनात आकडे मोजती. मी चष्म्यातून बघून राहिले ना."

"आत्या, तो उजेड दिसतच नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं."

"न दिसनारा उजेड!" आत्या म्हणाली. "उद्या न दिसनारी भाकर वाढ मला."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला हे सांगितलं. मला वाटलं तिला राग येईल, पण ती खूप हसली. "आजी, तुमच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये पण असाच न दिसणारा उजेड असतो. घरी गेल्यावर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचं तोंड बघा."

त्या संध्याकाळी भाऊ साखऱ्याहून दूध आणि अंडी घेऊन आला होता. मी आत्याच्या हातात रिमोट दिला, मोबाईलचा कॅमेरा उघडून तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, दाब. तिने दाबलं. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकला. आत्याने पुन्हा दाबलं. मग मोबाईल बाजूला सारून दाबलं, पुन्हा मोबाईलमधून पाहून दाबलं. टीव्हीवर चॅनलं भराभरा बदलत होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हंजे ती पोरगी खरीच करती व्हय."

दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी नेली.

भावाच्या डोक्यात मात्र तिथून वेगळंच चक्र सुरू झालं. ते मला दोन आठवड्यांनी कळलं.

पहिले दोन आठवडे सगळं बरोबर चाललं. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला आत्याच्या जिभेच्या कडेला दोन फोड आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे अपेक्षितच आहे, यापेक्षा पुष्कळ जास्त येतात. पण त्या सोमवारी वजन दीड किलो कमी भरलं आणि आत्याने दुपारची वाटी अर्धी ठेवली. दूध द्यायला आलेल्या भावाने ती अर्धी वाटी पाहिली. तो मोरीजवळ जाऊन उभा राहिला.

मंगळवारी संध्याकाळी तो आला तो पिशवीत एक मोठा लाल बल्ब, पत्र्याची टोपी आणि वायर घेऊन. त्याचं साखऱ्याला कोंबड्यांचं लहानसं शेड आहे. एका दिवसाची पिल्लं आणली की त्यांना ऊब लागते, तेव्हा असे दिवे त्यांच्यावर टांगतात.

"ताई, हे वाच," तो म्हणाला आणि बल्बचं खोकं माझ्यापुढे धरलं. खोक्यावर छापलेलं होतं: इन्फ्रारेड.

"मग?"

"मग काय? तोच उजेड. तिथं रोज दहा मिनिटं देतात. शनिवार-रविवार तर देतच न्हाईत. आपल्या घरात पडून हाय. संध्याकाळी पन दिला तर डबल फायदा. बाहेरून गालावर धरू, आत पोचंलच की."

इथे मी माझं लिहायलाच हवं. मला खटकलं. ऑफिसात मी आदेशाशिवाय कागद हलू देत नाही, आणि या वहीचाही नियम होता की डॉक्टरांनी सांगितलेलं नाही ते तिच्यात लिहायचं नाही. पण ती अर्धी वाटी मीही पाहिली होती. मी फोन केला नाही. दुसरं पान उलटून पाहिलं नाही. उलट पट्टी घेतली, एक नवा रकाना आखला आणि वर सुबक अक्षरात लिहिलं: सायंकाळ, दिवा, १० मिनिटे, अंतर दीड हात. रकाना आखला की मला वाटतं गोष्ट नियमात बसली.

आत्या खुर्चीत बसली, भावाने दिवा धरला. घरभर लाल झालं.

"अरे, मला काय पिलू समजला का?" ती म्हणाली.

"गप बस. पिलं कशी टुणटुणीत होतेत बघती ना?"

"अन् दीड महिन्यानं त्यांचं काय करतो ते पन बघते."

भाऊ हसला. मीही हसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गरम लागून राहिलं."

"गरम लागलं म्हंजे काम करून राहिलं," भाऊ म्हणाला.

यात तो एकटा नव्हता. आमच्याकडे झोंबणाऱ्या मलमाला गुण असतो, दुखणाऱ्या सुईला जोर असतो. दवाखान्यातला उजेड दिसत नव्हता आणि चटकाही देत नव्हता, त्यामुळे रिमोट पाहूनसुद्धा आम्हा तिघांच्या मनात कुठेतरी तो थोडा कच्चाच होता. हा लाल, ऊन दिवा खरा वाटत होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन संध्याकाळी मी त्या रकान्यात खुणा केल्या.

शुक्रवारी पंधरावी बैठक होती. त्या दिवशी भाऊही बरोबर आला होता. उजेडाच्या खोलीतल्या मुलीने आत्याचा पदर मानेवरून बाजूला केला आणि ती थांबली. डाव्या गालापासून जबड्याखालपर्यंत कातडी लालभडक झाली होती, मधोमध काळपट, आणि कडा गोल. तिने यंत्र खाली ठेवलं आणि डॉक्टरबाईंना बोलावलं.

डॉक्टरबाईंनी बोट न लावता जवळून पाहिलं. "रेडिएशननं कातडी लाल होते, पण अशी नाही. इतक्या लवकर नाही आणि एवढी गोल तर नाहीच. काय लावलंत?"

"काही न्हाई," भाऊ म्हणाला.

माझ्या मांडीवर वही होती. मी ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "तीन दिवस, संध्याकाळी दहा मिनिटं, दीड हातावरून. कोंबड्यांच्या शेडमधला दिवा. मला माहीत होतं आणि मी लिहून ठेवलंय."

त्यांनी वाचलं. मागची पानंही उलटली. दुसऱ्या पानावर थांबल्या आणि वही माझ्याकडे फिरवून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. हे घरी करायचं काम नाही. माझंच अक्षर, शेजारी मीच मारलेली चांदणी. मला तोंड वर करता येईना.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमच्या गावात एका आडनावाची किती घरं आहेत?" त्यांनी भावाला विचारलं.

"निम्मं गाव."

"सगळी माणसं सारखी आहेत?"

"न्हाई."

"मग इन्फ्रारेड हे आडनाव समजा. तुमचा दिवा भाजतो, त्याचं कामच ऊब देणं आहे. आमच्या यंत्राचा उजेड मोजका आहे, तो भाजत नाही. रेडिएशन चालू असलेल्या कातडीला ऊब लागली की ती दुप्पट वेगानं जाते." मग त्या आत्याकडे वळल्या. "आजी, बीजप्रक्रियेचं औषध पुडीवर लिहिलंय त्याच्या दहापट चोळलं तर?"

"बी उगवत न्हाई," आत्या म्हणाली. "जळतं."

डॉक्टरबाईंनी सांगितलं की आजची बैठक देते. शनिवार-रविवार सुट्टीच आहे. सोमवारी कातडी फुटलेली, पाणी सुटलेलं दिसलं, तर मात्र थांबावं लागेल, आणि किती दिवस ते सांगता येणार नाही. मग त्यांनी सूचना दिल्या आणि मी लिहून घेतल्या. साधं गार पाणी, टिपून घ्यायचं, घासायचं नाही. दिलेलंच मलम. साबण नाही, ऊन नाही, चुलीपुढे नाही. मानेला काहीही घासता कामा नये. काठाची साडी नको, ब्लाउज नको, पदर नको.

गाडीत बसल्यावर आत्याने भावाला धरलं. "काहून रे, तुला माहीत नव्हतं? त्या साली माझ्यामागं तू पुडी डबल चोळली होती का न्हाई? म्हने बुरशीचा बापच मरंल. काय झालं?"

"उगवलं न्हाई," भाऊ खाली पाहून म्हणाला.

"निम्मं वावर टकलं झालं, तुझ्या डोक्यावानी. तेच आता माझ्या गालाचं करू पाहून राहिला." तो रडवेला झाला तशी ती थांबली. "अन् तू गं," ती मला म्हणाली, "तू तर शिकलेली. लिवलं तेवढं, पन वाचायचं कोनी?"

घरी पोचल्यावर दिवा पिशवीत गेला आणि पिशवी भावाच्या हातात. तो साखऱ्याला परत गेला नाही, दोन दिवस आमच्याकडेच राहिला.

खरी अडचण पदराची होती. आत्याच्या डोक्यावरून पदर ढळलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. धान्य पाखडताना, विहिरीवर, तापात सुद्धा नाही. मी माझा सैल सुती गाऊन तिच्यापुढे ठेवला, मोठ्या गळ्याचा, पिवळ्या फुलांचा. तिने तो दोन बोटांनी उचलून पाहिला.

"हे घालून मी लेकासमोर बसू?"

"मी बाहेर बसतो," भाऊ दारातून म्हणाला.

"बस तिथंच," आत्या म्हणाली. ती आत गेली आणि गाऊन घालून बाहेर आली. पांढरे केस मोकळे, मान उघडी. आम्ही दोघं इकडेतिकडे पाहत होतो. "बघा की," ती म्हणाली, "काय वाघीन हाय का मी?" मग खुर्ची खिडकीच्या सावलीत ओढून बसली.

दोन दिवस ती उजव्या कुशीवर झोपली. मी तासातासाला पाण्याने टिपत होते. भाऊ पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि थांबायला सांगितलं तरी थांबत नव्हता. शेजारणी भेटायला आल्या. आत्या गाऊनमध्ये, उघड्या डोक्याने त्यांच्याशी बोलली आणि कोणी डोळे मोठे केले की स्वतःच सांगायची, "डॉक्टरचा हुकूम हाय, बाई. माझ्या लेकरानं मला भाजून काढलं." रविवारी दुपारी लाली तेवढीच होती. संध्याकाळी मला वाटलं कडेने फिकी होते आहे, पण मी कोणाला बोलले नाही, वहीतही लिहिलं नाही.

सोमवारी ती तोच गाऊन घालून नांदेडला गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात पन्नास माणसांत पिवळ्या फुलांचा गाऊन घालून, मान ताठ करून बसली. डॉक्टरबाईंनी खिडकीजवळ नेऊन पाहिलं, मान वळवून पाहिलं. मी वहीच्या सोळाव्या चौकटीवर पेन धरून उभी होते.

"फुटलेली नाही," त्या म्हणाल्या. "वाळते आहे. चालू ठेवू."

मी ती खूण इतक्या जोरात केली की पानाच्या मागून उमटली. आजही बोट फिरवलं की लागते.

पुढचे तीन आठवडे सोपे नव्हते. फोड आले, चव गेली, थुंकी दोऱ्यासारखी झाली. व्हरांड्यात आमच्या ओळखीचा झालेला एक माणूस, हाच उजेड घेणारा, नळीपर्यंत गेला. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, सगळ्यांना सारखा गुण नाही. आत्याला मात्र गुण आला. रोज दहाला ती स्वतः चष्मा लावून तोंड उघडून बसायची आणि दुसरं टोक आत गेलं की डोळ्यांनी मला खुणवायची, आता चालू हाय बरं. जिभेवरचे जुने दोन फोड पाचव्या आठवड्यात भरून आले. नवे आले ते ओठाशी, गिळण्याच्या वाटेवर आले नाहीत.

जेवणाचा कारभार माझ्याकडे होता. ज्वारीचं आंबील, कण्या ताकात शिजवून, मऊ शिरा, अंडं दुधात फेटून, गुरगुट्या भात. एका वेळी जात नाही म्हणून दिवसाच्या नऊ घास-वेळा केल्या. कशालाच चव नव्हती. "माती खाल्ल्यावानी लागून राहिलं," आत्या म्हणायची आणि वाटी संपवायची. पाचव्या सोमवारी वजनाच्या काट्यावर ती चढली तेव्हा परिचारिका म्हणाली, "आता उतरलं तर डॉक्टर नळीचं बघतील." आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी काट्याकडे. मागच्या सोमवारएवढंच होतं. शंभर ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही.

"घाल म्हनावं नळी," आत्या खाली उतरत म्हणाली, "त्या काट्याच्या नाकात."

तिसाव्या दिवशी भाऊ नवी साडी घेऊन आला, मऊ सुती, बिनकाठाची. आत्याने ती नेसली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा पदर घेतला, उजव्या बाजूने, सैल. उजेडाच्या खोलीतल्या मुलीने तिच्या पायाला हात लावला. रेडिएशन झालं. बाहेर येऊन मी वही उघडली, तर आत्याने पेनासाठी हात पुढे केला. तिला सही करता येते, बाकी लिहिता येत नाही. तिने तिसाव्या चौकटीत खूण केली. वाकडी झाली, चौकटीच्या बाहेर गेली. माझ्या सगळ्या रजिस्टरांत तेवढी एकच खूण रेषेबाहेर आहे आणि मी ती कोणालाही सरळ करू देणार नाही.

गाडीत भावाने डबा उघडला. त्याच्या बायकोने कढी आणि ज्वारीची भाकर पाठवली होती. आत्याने भाकर कढीत चुरली, इतकी बारीक की पिठलंच झालं, आणि वाटीभर खाल्ली. हळूहळू, पण तोंडाने.

"चव लागली?" भावाने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "पन कढी हाय हे समजलं."

चव यायला दोन महिने लागले. त्यानंतरच्या तपासण्या आजवर स्वच्छ आल्या आहेत. पुढच्या तारखा वहीत आहेत आणि त्या मी एकदा नाही, दर सोमवारी वाचते. मिस्रीचा डबा तिने स्वतः उकिरड्यावर टाकला. तवा मात्र घासून ठेवला, लोखंड चांगलं आहे म्हणून.

पेरणीच्या आदल्या दिवशी मी साखऱ्याला गेले. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीनचं बियाणं पसरलेलं होतं. भाऊ औषधाची पुडी फोडायला बसला होता. आत्या बाजेवर सावलीत, मानेवरचा काळा डाग आता फिका तपकिरी झालेला, गोल कड अजून ओळखू येणारी.

"थांब," ती ओरडली. ते ओरडणं वावराच्या बांधापर्यंत गेलं असेल. महिनाभर ज्या तोंडातून शब्द दोऱ्यासारखे निघत होते, त्या तोंडातून तो आवाज ऐकून मी पिशवी खाली ठेवायची विसरले. "आधी पुडीवरचं वाच. मोठ्यानं."

भावाने मोठ्याने वाचलं.

"आता माप घे. बराबर तेवढंच. चिमटीभर पन जास्त न्हाई."

"घेतो ना, आत्या."

"मी बघून राहिले." मग तिने मला पाहिलं. "आलीस? ये. वही आनली का?"

"आणली."

"लिव मग. किती बी, किती औषध. अन् लिवल्यावर एकदा वाचून दाखव मला."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिने एकदा मान हलवली, मांडीवरच्या ताटलीतून भाकरीचा तुकडा मोडला, लसणाच्या चटणीला नुसता टेकवून तोंडात टाकला आणि डाव्या गालाने चावत भावाचे हात पाहत राहिली.